गोंगाटाचं वाचन

गडद निळ्या चौकटीत एक पिवळा-हिरवा मासा उभा आहे. डोकं खाली, शेपूट वर. ३० हर्ट्झच्या आसपास दोन्ही बाजूंना परांसारखं काहीतरी पसरलं आहे, आणि शेपटी बारीक होत होत ५०० हर्ट्झपर्यंत गेली आहे. हा मासा कुणी काढलेला नाही. अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेत, हॅनफर्डला किंवा लिव्हिंगस्टनला, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांमधून जाणाऱ्या लेझर किरणांच्या मापनात क्षणभर काहीतरी खळबळ झाली, तिची ही नोंद आहे.

हा मासा मला भेटला तो २०१७ साली ‘क्लासिकल अँड क्वांटम ग्रॅव्हिटी’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधात. प्रकल्पाचं नाव ‘ग्रॅव्हिटी स्पाय’. लेखकांच्या यादीत पहिलं नाव मायकेल झेविन या तेव्हाच्या संशोधक विद्यार्थ्याचं आहे. पण मला विशेष ओढ आहे ती नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले प्राध्यापक अ‍ॅगेलोस कात्सागेलोस आणि त्यांच्या गटातल्या सारा बहादिनी यांच्या कामाची. कात्सागेलोस खगोलशास्त्रज्ञ नाहीत. पुसट चित्र स्पष्ट करायचं, चित्रात काय आहे हे यंत्राला ओळखायला शिकवायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं क्षेत्र. कृष्णविवरांच्या टकरी ऐकू पाहणाऱ्यांना अशा, चित्रं वाचणाऱ्या माणसांची गरज का भासली, इथेच या कामाची गोडी सुरू होते.

ही गोडी मराठी वाचकापर्यंत पोचावी असं वाटतं ते औंढा नागनाथमुळे. नागनाथाचं हेमाडपंती मंदिर आणि नामदेव-विसोबा खेचर भेटीची कथा यांमुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या या गावाच्या तालुक्यात, दुधाळा परिसरात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला पूर्ण मंजुरी दिली. पुण्याचं आयुका, इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था या कामात आहेत. या वेधशाळेबद्दल लिहिताना सगळे कृष्णविवरांबद्दल लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण औंढ्याच्या यंत्रात सगळ्यात जास्त जे नोंदलं जाईल ते कृष्णविवरांचं नसेल. तो असेल गोंगाट. त्या गोंगाटाकडे प्रेमाने, बारकाईने पाहणारं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर काम म्हणजे ग्रॅव्हिटी स्पाय.

प्रमाण लक्षात घ्यायला हवं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली तेव्हा चार किलोमीटर लांबीत जो फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाच्याही काहीशे पट लहान होता. इतकं संवेदनशील यंत्र जगातल्या प्रत्येक गोष्टीने हलतं. दूरचा भूकंप, समुद्राच्या लाटा, वारा, ट्रक, विजेचा पुरवठा, यंत्राच्या आतला भरकटलेला प्रकाश. यातलं काही क्षणभर उसळतं आणि नाहीसं होतं. त्या उसळीला संशोधक ग्लिच म्हणतात. सप्टेंबर २०१५ ते जानेवारी २०१६ या पहिल्या निरीक्षण-सत्रात खऱ्या टकरी सापडल्या तीन. ग्लिच हजारोंनी होते.

खरी लहर शोधायची रीत आधीपासून होती आणि तिच्या पायाभरणीत पुण्याचा मोठा वाटा आहे. बी. एस. सत्यप्रकाश आणि आयुकातले संजीव धुरंधर यांनी १९९१ साली ‘फिजिकल रिव्ह्यू डी’मध्ये एक निबंध लिहिला: एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या जोडताऱ्यांची लहर ओळखायला कोणत्या चाळण्या निवडाव्यात, यावर. आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून लहरीचा आकार आधीच काढता येतो. वेगवेगळ्या वस्तुमानांसाठी असे आकार तयार ठेवायचे आणि यंत्रातून येणाऱ्या नोंदीवर एकेक लावून पाहायचा. जो चपखल बसेल ती लहर. ज्या वर्षी हे लिहिलं गेलं तेव्हा लायगोच्या नळ्या जमिनीवर उभ्याही नव्हत्या. उपकरण नसताना उपकरणाच्या नोंदी कशा वाचायच्या हे पुण्यात बसून ठरवणं, याबद्दल मला फार आदर वाटतो.

पण ही रीत चालते ती आकार आधी माहीत असल्यामुळे. गोंगाटाचा आकार कोणता सिद्धांत सांगणार? ट्रक कसा जाईल, पंप कधी सुरू होईल, याचं समीकरण नसतं. गोंगाट पाहूनच शिकावा लागतो. धुरंधरांचं काम संपतं तिथे कात्सागेलोस आणि बहादिनींचं सुरू होतं, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचली की एकमेकांना उजळतात.

पहिला निर्णय नोंदीचं चित्र करण्याचा. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर वारंवारता, रंगात ऊर्जा. ही पद्धत लायगोत आधीपासून वापरात होती, पण या गटाने तिचा अर्थ बदलला. आता चित्र ही मोजमाप दाखवायची सोय राहिली नाही. अभ्यासाची वस्तूच ती झाली. आणि एकदा चित्र झालं की गेल्या काही दशकांत संगणकाला ‘पाहायला’ शिकवण्यासाठी जे काही जमलं होतं ते सगळं कामाला आलं. चेहरे, आकडे, गाड्या ओळखणारी कॉन्व्होल्यूशनल न्यूरल नेटवर्क इथे गोंगाट ओळखू लागली. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने तर याहून धाडस केलं. ‘इमेजनेट’मधल्या प्राण्यांच्या, फुलांच्या, घरगुती वस्तूंच्या फोटोंवर आधी तयार झालेलं नेटवर्क त्यांनी थोडक्या शिकवणीवर ग्लिच ओळखायला लावलं, आणि ते उत्तम चाललं. कुत्र्याचा कान ओळखताना कमावलेली कडा आणि वळणांची जाण लेझरच्या थरथरीतही उपयोगी पडते, ही गोष्ट मला अजून थक्क करते.

दुसरा निर्णय मला या कामाचा गाभा वाटतो, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. प्रत्येक ग्लिचचं एकच चित्र काढलेलं नाही. अर्धा सेकंद, एक सेकंद, दोन सेकंद आणि चार सेकंद अशा चार खिडक्यांतून तोच क्षण पुन्हापुन्हा पाहिला आहे. कारण ग्लिच एका मापाचे नसतात. ‘ब्लिप’ नावाचा ग्लिच सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका; चार सेकंदांच्या चित्रात तो बारीक रेघ होऊन हरवतो. उलट विखुरलेल्या प्रकाशाचे ग्लिच, ज्यांच्या एकावर एक कमानी दिसतात, ते अर्ध्या सेकंदात मावतच नाहीत. त्या खिडकीत नुसता वाकडा तुकडा दिसतो. कीर्तनात टाळाचा नाद ओळखायला एक ठोका पुरतो, पण अभंगाची चाल कळायला ओळ पूर्ण व्हावी लागते, तसंच हे. एक खिडकी निवडली असती तर काही वर्गांवर अन्याय ठरलेलाच होता.

आता या चार चित्रांचं काय करायचं? सोपा मार्ग असा की प्रत्येक चित्र वेगळं वाचायचं, चार मतं घ्यायची आणि बहुमत लावायचं. बहादिनी आणि सहकाऱ्यांनी चारही चित्रं जोडून एकच मोठं चौकोनी चित्र बनवलं आणि ते नेटवर्कसमोर ठेवलं. म्हणजे नेटवर्कला छोट्या खिडकीतला ठिपका आणि मोठ्या खिडकीतली शांतता एकाच वेळी दिसते. ब्लिप ओळखताना ‘इथे ठिपका आहे’ यापेक्षा ‘आजूबाजूला काहीच नाही’ हा पुरावा जास्त मोलाचा असू शकतो. एक ठिपका आला की ब्लिप; ठरावीक अंतराने तेच पुन्हा येत राहिले की वेगळा वर्ग, ‘रिपीटिंग ब्लिप्स’. अर्धा सेकंद पाहणाऱ्याला हे दोन वेगळे आहेत हे कधीच कळणार नाही. नेटवर्क आजच्या मानाने अगदी लहान, मोजक्या थरांचं. तरी ही जोडणी मला मोठमोठ्या नेटवर्कांपेक्षा श्रीमंत वाटते, कारण ती गणनेच्या ताकदीतून आलेली नाही. वस्तूचा स्वभाव ओळखून आलेली आहे.

मग नावं. बावीस वर्ग, आणि नावांत दोन स्वभाव मिसळलेले. काही नावं कारणावरून: पॉवर लाइन, एअर कॉम्प्रेसर, स्कॅटर्ड लाइट. काही नुसती दिसण्यावरून: कोई फिश, हेलिक्स, व्हिसल, आणि स्कँडिनेव्हियातल्या लोककथांतल्या टोपीवाल्या बुटक्यावरून टोम्टे. कारण कळलं असेल तर कारणाचं नाव, कळलं नसेल तर रूपाचं, म्हणजे यादी वाचताना विज्ञान कुठपर्यंत पोचलं आहे तेही कळत जातं. ब्लिप तर सगळ्यात त्रासदायक, कारण जड कृष्णविवरांच्या टकरीची लहर अगदी तशीच क्षणभंगुर दिसते, आणि हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याचं कारण सापडलेलं नव्हतं. तरीही त्याला नाव दिलं, त्याचे नमुने वेगळे काढून ठेवले. समजत नाही म्हणून केराच्या टोपलीत टाकलं नाही.

ही नावं फक्त शास्त्रज्ञांनी दिली नाहीत. ऑक्टोबर २०१६ मध्ये ग्रॅव्हिटी स्पाय ‘झूनिव्हर्स’ या नागरिक-विज्ञानाच्या व्यासपीठावर खुला झाला. कुणीही यावं, चित्र पाहावं, वर्ग सांगावा. नव्या माणसाला आधी मोजकेच सोपे वर्ग दाखवतात. ते नीट जमले की पुढची पायरी, जास्त वर्ग. सिराक्यूज विद्यापीठातले केविन क्राउस्टन आणि कार्स्टन ऑस्टरलुंड यांनी माणसं अशा कामात कशी शिकतात याचाच अभ्यास इथे केला. नेटवर्कला ज्या चित्रांबद्दल खात्री असते ती नवशिक्यांकडे जातात, म्हणजे यंत्र माणसाला शिकवतं. जिथे यंत्र अडखळतं ती चित्रं अनुभवी स्वयंसेवकांकडे, म्हणजे माणूस यंत्राला शिकवतो. आणि प्रत्येक स्वयंसेवकाच्या मताला सारखं वजन नाही. कोण कोणत्या वर्गात सहसा चुकतो याची नोंद ठेवून त्याप्रमाणे मत मोजलं जातं. एखादा माणूस व्हिसलमध्ये पक्का आणि ब्लिपमध्ये कच्चा असू शकतो, हे हिशेबात धरणारी रचना मला न्याय्य वाटते. माणसाला एका गुणांकावर तोलण्याची सवय आपल्या परीक्षांना आहे, या प्रकल्पाला नाही.

‘पेअर्ड डव्ह्ज’, म्हणजे जोडीने बसलेल्या कबुतरांसारखा दिसणारा वर्ग, स्वयंसेवकांनीच शोधला. चाचणीच्या काळात काहींना वाटलं की ही चित्रं कशातच बसत नाहीत, पण एकमेकांसारखी आहेत. हा शोध क्षुल्लक नाही. या कबुतरांच्या रेषा वर चढणाऱ्या, आणि खऱ्या लहरीची खूणही हीच: खालच्या वारंवारतेतून सुरू होऊन वर झेपावणारी वक्ररेषा. तिला ‘चर्प’ म्हणतात. ग्रॅव्हिटी स्पायमध्ये चर्पचाही वर्ग आहे, आणि त्याचे नमुने मिळवायला यंत्राच्या आरशांना मुद्दाम लहरीसारखा धक्का देऊन केलेल्या चाचण्या वापरल्या. खोट्या लहरीवर शिकून खरी ओळखायची.

इथे मला या कामाची एक उणीवही सांगायला हवी, कारण कौतुकाचा अर्थ डोळे मिटणं नव्हे. असं नेटवर्क आपला सगळा विश्वास माहीत असलेल्या वर्गांतच वाटून टाकतं. पूर्णपणे अनोळखी काही समोर आलं तरी ते कुणातरी ओळखीच्या नावाला जवळ करतं, आणि कधी कधी मोठ्या आत्मविश्वासाने. ‘यांपैकी काही नाही’ असा वर्ग त्यात आहे, पण तोही आधी पाहिलेल्या विचित्र नमुन्यांवरच शिकलेला. अजून न पाहिलेल्या गोष्टीचं अनोळखीपण यंत्राला त्यातून मिळत नाही. ही पोकळी माणसाच्या डोळ्याने भरायची, हे लेखकांनी पहिल्यापासून रचनेतच धरलं आहे. म्हणून मला ही उणीव लपवलेली वाटत नाही. तिच्याभोवतीच सगळी इमारत उभी केली आहे.

माणसाच्या डोळ्यावरच्या या भरवशाची कसोटी १७ ऑगस्ट २०१७ रोजी वेगळ्या वाटेने लागली. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले आणि त्यांची लहर जवळजवळ १०० सेकंद यंत्रांना हलवत होती. हॅनफर्डची नोंद स्वच्छ. पण लिव्हिंगस्टनमध्ये टकरीच्या साधारण १.१ सेकंद आधी एक जोरदार ग्लिच उसळला, आणि स्वयंचलित व्यवस्थेने तिथली नोंद बाद केली. पहिली सूचना फक्त हॅनफर्डच्या आधारे निघाली. मग माणसांनी लिव्हिंगस्टनचं चित्र उघडून पाहिलं, आणि ग्लिचच्या उभ्या भिंतीतून चर्पची बारीक रेषा आरपार गेलेली स्पष्ट दिसली. ग्लिचचा भाग बाजूला काढला, दिशा नेमकी झाली, आणि काही तासांत दुर्बिणींनी एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत त्या टकरीचा प्रकाश गाठला. अशा प्रकारचे ग्लिच त्या काळी दर काही तासांनी होत असत, म्हणजे हा योगायोग फार दुर्मीळ नव्हता. गोंगाट ओळखता येत असेल तरच तो बाजूला सारता येतो, हे त्या दिवशी साऱ्या खगोलशास्त्राने पाहिलं.

आता औंढा. ग्रॅव्हिटी स्पायचा निबंध औंढ्याकडे तोंड करून वाचला की त्यातली प्रत्येक ओळ स्थानिक होते. गुरुत्वीय लहर सगळीकडे एकच असते. हॅनफर्डला आली तीच काही मिलिसेकंदांच्या फरकाने औंढ्यालाही येईल. गोंगाट मात्र ज्याचा त्याचा. हॅनफर्डच्या वाळवंटी प्रदेशातली एक हकिगत प्रसिद्ध आहे. नोंदीत काही न कळणारे ठोके दिसत होते, तिथल्या मायक्रोफोनवरही ऐकू येत होते. शोध घेतल्यावर कळलं की अतिथंड नायट्रोजनच्या नळ्यांवर साचलेल्या हिमावर डोमकावळे चोची मारत होते. तहान भागवत होते. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट पहिलीत शिकलेल्या कुठल्याही मराठी मुलाला हे कारण एखाद्या पीएचडीधारकाआधी सुचलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

औंढ्याला काय असेल? एक गोष्ट आत्ताच ठामपणे सांगता येते. अमेरिकेत घरोघरची वीज ६० हर्ट्झची, म्हणून ग्रॅव्हिटी स्पायमधला पॉवर लाइन वर्ग ६० हर्ट्झच्या रेषेवर बसतो. आपली वीज ५० हर्ट्झची. आणि गंमत अशी की हॅनफर्डच्या एअर कॉम्प्रेसरचा वर्ग साधारण ५० हर्ट्झवरच उमटतो, दिसायला पॉवर लाइनसारखाच. माझा तर्क असा की अमेरिकेच्या चित्रांवर शिकलेलं नेटवर्क जसंच्या तसं औंढ्याला आणलं तर महावितरणच्या प्रत्येक हेलकाव्याला ते बिनधास्त ‘एअर कॉम्प्रेसर’ म्हणेल. इटलीतल्या व्हर्गो वेधशाळेची वीजही ५० हर्ट्झची, तेव्हा तिथल्या चित्रांचा थोडा आधार मिळेल. पण इटलीत मराठवाड्याचा पाऊस नाही. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी काळी माती नाही, तिच्याखालचा बेसाल्ट नाही, मृगाच्या आधीचा वळवाचा कडकडाट नाही.

आणि जमीन. जागा निवडताना भूकंपाचा शांतपणा, रस्ते-रेल्वेपासूनचं अंतर हे सगळं तपासलं गेलं. पण जमीन कधीच पूर्ण गप्प नसते. मार्च २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत तर जमिनीखालून येणारे गूढ आवाज लोक वर्षानुवर्षं ऐकत आले आहेत. वर्तमानपत्रांत त्यांच्या बातम्या येतात. किल्लारीचा भूकंप अनुभवलेल्या मराठवाड्यात असा आवाज आला की माणसं रात्री घराबाहेर झोपतात. वेधशाळेच्या आरशांसाठी हे धक्के अडथळाच, त्यात शंका नाही. पण ते आवाज कधी येतात, किती अंतराने येतात, त्यांचा पहिला थरथराट कसा असतो, हे दाखवणारी चित्रं जर रोज कुणीतरी डोळ्याखालून घालत असेल, तर पांगरा शिंदेच्या लोकांनाही त्यात काही उत्तर मिळू शकेल. कमानीसारखा दिसणारा विखुरलेला प्रकाश अनेकदा जमिनीच्या हालचालीतूनच जन्मतो. जमिनीबरोबर प्रकाश विखुरणारा भाग किती वेगाने हलला हे त्या कमानींच्या उंचीत वाचता येतं.

हे वाचन कुणी करायचं? माझ्या मते औंढा, वसमत, कळमनुरी, हिंगोलीच्या मुलामुलींनी. हौसेला म्हणून मी हे म्हणत नाही. ग्रॅव्हिटी स्पायच्या रचनेतूनच ते निघतं. अनोळखी गोष्टीचं अनोळखीपण ओळखायला माणूस लागतो, आणि ज्याला तिथली सकाळ, तिथला पंप, तिथला पाऊस ठाऊक आहे त्याला ते आधी ओळखता येतं. चित्रात पहाटे दिसणारी एखादी लकेर थ्री-फेज वीज आल्यावर शिवारात एकदम सुरू झालेल्या मोटारींची आहे की काय, ही शंका नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या इव्हान्स्टनमध्ये बसलेल्या कुणाला येणार नाही. आज रात्रपाळीची वीज की दिवसपाळीची, हे ज्याच्या घरी भाकरीच्या वेळेइतकं पाठ असतं, त्याला येईल.

सुरुवात करायला वेधशाळा उभी राहण्याची वाट पाहायची गरज नाही. लायगोच्या नोंदी ‘ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर’वर सगळ्यांसाठी खुल्या आहेत. साधा लॅपटॉप आणि पायथनची थोडी ओळख असली की कुठल्याही क्षणाचं असं निळं-पिवळं चित्र स्वतः काढता येतं, खिडकी अर्ध्या सेकंदाची ठेवायची की चार सेकंदांची हेही स्वतः ठरवता येतं. पहिल्यांदा काढणाऱ्याने १७ ऑगस्ट २०१७ चं लिव्हिंगस्टन काढावं. ती नोंद ग्लिच वजा केलेली आणि ग्लिचसकट अशी दोन्ही रूपांत मिळते. ग्लिचसकटची घ्यावी.